पंख्याच्या होडीचे लोखंड

उभ्या आयुष्यात कचेरीतल्या टिपणांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. तेव्हा एका शेजाऱ्याविषयी लिहिण्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. आमचे यादवराव गुरुजी दिसेल त्या धातूवर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेव बसलेली खुर्ची अशीच वाजवून पाहिली. नवरदेव घाबरून उठून उभा राहिला.

याचे मूळ पूर्णा नदीत आहे. बंधाऱ्यामागे जलपर्णी माजली असून साध्या मोटरबोटीचे पाते तिच्यात गुंतते. म्हणून निवृत्तीनंतर गुरुजींनी पंख्याची होडी बांधायला घेतली. तळ सपाट, मागे उंच स्टँडवर इंजिन आणि त्याला भलामोठा पंखा. पाण्यात गुंतेल असे काही नाहीच. तळ केव्हाच तयार झाला. सध्या त्यात काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, मिरच्या वाळवतात. अडले आहे ते स्टँडच्या धातूपाशी. अ‍ॅल्युमिनियम हलके, पण इंजिनाच्या हादऱ्यांनी जोडापाशी तडकण्याची भीती. लोखंड दणकट, पण जड, शिवाय गंजणारे.

"पंखा बसणाऱ्याच्या पाठीमागं ऱ्हातो," गुरुजी सांगतात. "स्टँड तुटला की थेट मानगुटीवर. म्हणून इचारायचं एकच. थरथर सोसंल का?"

हा प्रश्न ते आता सरसकट विचारतात. माझ्या भाच्याला सांगून आलेल्या मुलीविषयी त्यांचे मत घेतले, तर म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण तुमच्या घरातली थरथर सोसंल का?"

"आमच्या घरात कढईला बी मुलाखत द्यावी लागती," असे काकू म्हणतात.

गुरुजींचा मुलगा श्रीकांत पुण्यात इंजिनियर आहे. पूर्वी दर रविवारी त्याचा फोन येई. "जेवलात?" "जेवलो." "बरंय." एवढ्यावर संपे. होडीचा विषय निघाल्यापासून मात्र दोघे तासन्‌तास भांडतात. तो लोखंडाच्या बाजूचा, हे अ‍ॅल्युमिनियमच्या; तो अ‍ॅल्युमिनियमकडे वळला, की हे लोखंडाकडे. मुद्दाम ऐकण्याचा माझा स्वभाव नाही. भिंत सामाईक आहे.

मी एकदा काकूंकडे सहानुभूती व्यक्त केली. त्या म्हणाल्या, "भांडू द्या की. बापलेक बोलायलेत, हेच लय झालं. धातू ठरला की परत जेवलात आन् जेवलो."

मागच्या महिन्यात श्रीकांत निकाल लावायला स्वतःच आला. शनिवारी सकाळी आम्ही तिघे लोखंडाच्या दुकानात गेलो. त्याने एक पोलादी पाइप निवडला. गुरुजींनी तो वाजवला, बराच वेळ ऐकला. नाव ठेवायला जागा सापडेना.

"बिलकुल हाच," श्रीकांत म्हणाला. "बाबा, आता खामखा खोट काढू नका." तसले पाइप रिक्षात चढले.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "आज शनिवार हाय. शनिवारी लोखंड घरी नेत न्हाईत."

दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी. तो चकित झाला. "गुरुजी, असलं काही मानू नका म्हणून तुमीच तर मला फळ्यापुढं उभं करून शिकवलंत!"

"तवा तू ल्हान होतास," गुरुजी म्हणाले.

"रविवारी दुकान बंद," श्रीकांत म्हणाला. "अन् उद्या माझी परतीची गाडी हाय."

"मंग ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला बघू." गुरुजी पाइपकडे पाहत होते. "तवर फोनवर बोलूच की आपण. ॲल्युमिनियमचा मला पुन्हा इचार करायचा हाय."

श्रीकांतने वडिलांकडे पाहिले आणि तो पाइप उतरवायला लागला.

गुरुजींच्या घराचे लोखंडी फाटक शनिवारीच आणलेले आहे. एक बाजू मी धरली होती. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिथे हे बोलला असता का?