शर्यतीची सायकल आणि फिर्मिनची मान

दुकानात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि गेली चाळीस मिनिटं फिर्मिन त्यांच्यामध्ये उभा होता. डावीकडची लांब पल्ल्याची. हँडल उंच, टायर जाड, बसणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसे. उजवीकडची शर्यतीची. शर्यतवाल्यांमध्ये ती सगळ्यात धाकटी, नवशिक्या पोरांसाठी केलेली, पण हँडल इतकं खाली की साष्टांग नमस्कार घातल्याशिवाय हात पोचू नयेत.

"डावी घे," गोदेलीव्ह म्हणाली. ती त्याची बायको. गेली तीन वर्षं त्याच्या पायांत मोजे तीच चढवत होती, तेव्हा तिला मत होतं. "अठ्ठावन्नावं चालू आहे तुला. खाली पडलेला चमचा उचलायला मला हाक मारतोस."

"तुला नाही कळायचं."

न कळण्यासारखं काही नव्हतं. शेल्ड नदीकाठच्या आमच्या गावात रविवारी सकाळी सायकल क्लब तीन गटांत निघतो. पहिला जोरात जातो, दुसरा बऱ्यापैकी, आणि तिसरा वाटेत थांबून टार्ट खातो. फिर्मिन बावीस वर्षं पहिल्या गटात होता. पण दर मार्चमध्ये कप्तान आशील गट पाडतो, तेव्हा तो माणसाकडे बघत नाही, सायकलीकडे बघतो. उंच हँडल दिसलं की बोट तिसऱ्या गटाकडे. गेल्या वर्षी ओदिलोनला असंच धाडलं. बिचारा आता चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसतो.

"दोन्हींवर एकदा बसून तर बघ," दुकानवाली हिल्ड म्हणाली.

"आणि डावीवर बसलेलं कुणी बघितलं म्हणजे?"

उजवी घरी आली.

रविवारी गट पाडताना आशीलने ती सायकल बघून शीळच घातली. "काय रे, म्हातारपणी शर्यतीत उतरतोस की काय?" फिर्मिनची छाती फुगली. म्हणजे फुगली असती, पण त्या हँडलवर वाकल्यावर तिला जागाच उरली नव्हती.

पहिले दहा किलोमीटर बरे गेले. पंधराव्याला मान जी अडकली ती अडकलीच. आता त्याच्या जगात दोनच वस्तू होत्या. स्वतःचं पुढचं चाक आणि मेहुण्याचं, रूफिनचं, मागचं चाक. तरी काही बिघडत नव्हतं. आमच्याकडे पोरांना चालायला शिकवतात त्याच सुमाराला शिकवतात, की पुढच्याचं चाक सोडायचं नाही.

मग दगडी रस्ता लागला. बारीक टायर असे उडायला लागले की फिर्मिनला स्वतःचे दात वाजलेले ऐकू आले. रूफिनचं चाक दिसेनासं झालं. दगड संपले, चौक आला, आणि समोर एक चाक आलं. फिर्मिन त्याला असा चिकटला, जसा बुडता काठाला. मागचे चौदा जण फिर्मिनला चिकटले.

चाक सुसाट निघालं. 'रूफिन आज काय खाऊन आलाय!' फिर्मिनला वाटलं.

तो रूफिन नव्हताच. ते होते शेजारच्या गावच्या शाळेतले मॉरित्स मास्तर. आईच्या नव्वदाव्या वाढदिवसाला टार्टचा खोका घेऊन विजेच्या सायकलीवर निघाले होते. त्यांनी मागे वळून बघितलं. पिवळ्या बंड्या घातलेले पंधरा पुरुष, माना खाली, फासफूस करत मागे लागलेले, आणि कुणी चकार शब्द बोलत नाही! मास्तरांनी विजेचा जोर वाढवला. पंधरा जणांनीही वाढवला. मास्तर डावीकडे वळले, पंधरा जण डावीकडे वळले.

"अरे, आपण चाललोय कुठे?" मागून कुणीतरी धापा टाकत विचारलं.

"बोलू नकोस! चाक धर!"

शेपटाला असलेल्या आशीलला रस्ता चुकल्याचं केव्हाच कळलं होतं. पण ओरडायला दम लागतो, आणि आपल्याकडे तो उरलेला नाही, हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तिकडे रूफिन एकटाच सरळ रस्त्याने चालला होता, मागे नसलेल्या माणसांना हात करून खड्डे दाखवत.

मास्तर एका अंगणात घुसले, सायकल टाकली आणि ओरडले, "आई, दार लाव!"

दार लागायच्या आत पंधरा सायकली अंगणात होत्या आणि कोंबड्या छपरावर. झुल्मा आजी उंबऱ्यात आल्या, गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला. "एवढी सगळी माझ्यासाठी आली? आणि मॉरित्स, टार्ट एकच आणलास?"

फिर्मिनला पुढे दोन लोकरी सपाता दिसल्या. "रूफिन, तू सपाता कधी घातल्यास?"

"वर बघ की रे, बाळा."

"येत नाही बघता, आजी."

गर्दीतून वाट काढत आशील पुढे आला. "कधीपासून?"

"पंधराव्या किलोमीटरपासून." आता लपवायचं काय! "गोदेलीव्ह दुसरी घे म्हणत होती. उंच हँडलची. मीच ऐकलं नाही." बोलता बोलता त्याला आपली बावीस वर्षं ओदिलोनच्या बाकाकडे जाताना दिसली.

आजींनी त्याला स्टुलावर बसवलं आणि आतून कापराचं तेल आणलं. "तीस वर्षं नवऱ्याची पाठ चोळली मी. तोही पहिल्याच गटातला. कण्हू नकोस." त्यांनी अंगठा असा काही रोवला की कट्‌ असा आवाज झाला आणि फिर्मिनला एकदम आभाळ दिसलं. मग छप्पर, मग कोंबड्या. सुखावून त्याने मान मागे वळवली.

स्टुलामागे रांग लागली होती. पहिला गट अख्खाच्या अख्खा, बंड्या मानेपर्यंत वर करून उभा होता. हुद्द्याच्या जोरावर कप्तान सर्वांत पुढे.

"आशील," फिर्मिनने उठता उठता हळूच विचारलं, "मग मी आता तिसऱ्या गटात का?"

आशील स्टुलावर बसला, मान खाली घातली, तेलाचा पहिला हात फिरू दिला. मग कुजबुजला, "ती दुसरी सायकल. उंच हँडलची."

"तिचं काय?"

"काळ्या रंगात मिळते का रे? लांबून कळायला नको, म्हणून विचारतो."

"बोलू नकोस," आजी म्हणाल्या. "मान हलते."