हार्ड डिस्कची रांग

"अहो, आधी माझं नाटक घ्या ना!" लेखिकाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"रांगेतून," त्यांचे यजमान म्हणाले.

यजमान पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसत, म्हणून सगळे त्यांना पार्सलमास्तरच म्हणत. त्या खिडकीशी त्यांनी प्रत्यक्ष वडिलांनाही 'मागून या' म्हणून सांगितलं होतं, आणि वडीलही असे, की मुलाच्या कौतुकाने डोळे पुसत शेपटाला जाऊन उभे राहिले. असा माणूस घरातली मरायला टेकलेली हार्ड डिस्क नव्या डिस्कवर उतरवायला बसला, तर दुसरं काय करणार? जे आधी आलं ते आधी. सगळ्या फाइली त्यांनी तारखेप्रमाणे लावल्या आणि कॉपीचं बटण दाबलं. नाटकाचा तिसरा अंक परवाच लिहून झालेला, तेव्हा तो गेला पार शेवटी. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती, आणि आज संध्याकाळी नटमंडळी तालमीला तोच घेऊन बसणार होती.

सर्वांत पुढे होता मिक्सरच्या वॉरंटीचा फोटो. मिक्सर कधीच भंगारात गेला होता. मागोमाग भाच्याच्या शाळेतल्या समारंभाचा लांबलचक व्हिडिओ. त्यात भाचा सोडून सगळी शाळा दिसत होती. त्यामागे पार्सलमास्तरांनी हौसेने काढलेले, नीट न बांधलेल्या पार्सलांचे फोटो.

"ती पार्सलं माझ्या नाटकाआधी?"

"आधी आलीत ती."

समारंभ अर्ध्यावर आला आणि जुनी डिस्क टकटक करू लागली. पडद्यावरची हिरवी पट्टी जागीच थिजली. पार्सलमास्तरांनी घाबरून डिस्क उचलली, उलटी केली, कानाशी नेली, आणि काय आश्चर्य! टकटक बंद, पट्टी चालू. खाली ठेवली की टकटक, सरळ धरली की टकटक. उलटी, डावीकडे जरा कलती आणि बरोबर कानापाशी, अशी धरली तरच स्वारी चालायला तयार.

"हलू नका!" लेखिकाबाई किंचाळल्या.

"मी कुठे हलतोय? तू माउसला हात लावू नकोस. मध्येच काही केलंस तर सगळंच बसेल."

डिस्क तापायला लागली, तशी सासूबाईंना हाक गेली. त्या स्वयंपाकघरातून ताट घेऊनच आल्या आणि जावयाच्या कानाशी वारा घालू लागल्या. त्या वाऱ्याने टेबलावरची धूळ उडाली आणि थेट जावयाच्या नाकात शिरली.

"जावईबापू, शिंकलात तर याद राखा!"

"नाक... दाबा..."

सासूबाईंनी नाक चिमटीत पकडलं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात जावई.

तेवढ्यात बेल वाजली. तिसरा अंक कुठे अडकलाय ते बघायला दिग्दर्शक स्वतःच आला होता. समोरचं दृश्य पाहून तो दारातच थबकला.

"ताई, हाच का तो तिसरा अंक?"

"बघत काय राहिलात? त्यांची कोपरं धरा!"

डिस्क धरून धरून पार्सलमास्तरांचे हात खाली यायला लागले होते. दिग्दर्शकाने धावत जाऊन दोन्ही कोपरं खालून उचलून धरली. पट्टी सरकली, आणखी सरकली, समारंभ संपला! चौघेही जल्लोष करणार, तोच पुन्हा टक. मग टकटक. आता डिस्क उलटी धरूनही थांबत थांबतच चालू लागली.

लेखिकाबाईंचा बांध फुटला. "घरातलं सगळं आवरून, उरल्यासुरल्या वेळात लिहिलंय हो मी ते. जेवायला मी शेवटी, आंघोळीला मी शेवटी. आता ह्या डबीतसुद्धा मीच शेवटी?"

सासूबाईंनी नाक सोडलं. "जावईबापू, माझ्या मुलीपेक्षा तुम्हाला तो मिक्सर मोठा?"

पार्सलमास्तरांनी बायकोच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. सख्ख्या बापाला मागे पाठवणारा तो माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घे. तुझं पुढे घे."

लेखिकाबाईंनी झडप घालून माउस धरला, चाललेली कॉपी थांबवली आणि तिसरा अंक ओढून नव्या डिस्कवर टाकला. सगळ्यांनी श्वास रोखले.

"किती टक्के झालं?" पार्सलमास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"झालं."

"झालं? कधी?"

"टाकला तेव्हाच. नुसता मजकूर तर आहे. पापणी लवायच्या आत गेला."

"म्हणजे सुरुवातीलाच घेतला असता तर..."

"हो!" तिघेही एकदम ओरडले.

दिग्दर्शक अंक पेनड्राइव्हवर घेऊन उड्या मारत जिना उतरला. जुन्या डिस्कने शेवटची एक टक केली आणि सगळ्या पार्सलांसकट प्राण सोडला. पार्सलमास्तर मात्र संध्याकाळी तालमीला गेले आणि बायकोच्या तिसऱ्या अंकाला सगळ्यांत मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर बसले तेव्हा हात ठणकत होते, पण मन कसं पिसासारखं हलकं होतं. रांगेच्या टोकाकडून एक आजी हातातलं पाकीट उंचावून म्हणाल्या, "माझं एका मिनिटाचं काम आहे रे बाबा."

"या आजी, पुढे या."

सगळ्या रांगेने माना वळवून पाहिलं. मग एक गृहस्थ खाकरले, "माझंही एका मिनिटाचंच आहे." त्यांच्या मागची बाई म्हणाली, "माझं तर अर्ध्याच!" बघता बघता रांगेतला प्रत्येक जण पहिला झाला आणि काउंटर करकरू लागला. पार्सलमास्तरांनी खिडकीची काच ओढून घेतली आणि घरी फोन लावला.

"अगं, तुझ्या आई आहेत का घरात? त्यांना जरा इकडे पाठव. एकेकाचं नाक धरून रांग लावायची आहे."