गाडी लॉक होईना, नात उत्तर सांगेना

मुलांना शिकवायचं कसं, हे मला कळतं. बढाई म्हणून सांगत नाही. एखाद्याला आपण उंच आहोत हे माहीत असतं, तसं मला हे माहीत आहे. माझी पद्धत एका वाक्यात मावते: मुलाला उत्तर सांगायचं नाही, ते त्याचं त्याला शोधू द्यायचं. मग तास लागो, दिवस लागो, त्याचे आईवडील दारात उभे राहून घड्याळाकडे बघोत! आपण हाताची घडी घालायची, चेहरा प्रसन्न ठेवायचा आणि विचारायचं, "बरं, तुला काय वाटतं?"

निवृत्त झालो तेव्हा शाळा सुटली, पद्धत सुटली नाही. "माझा चष्मा कुठे गेला हो?" असं बायकोने विचारलं, तरी मी म्हणतो, "शेवटचा कुठे वापरला होतास?" चष्मा तिच्या कपाळावर असतो आणि मला तो स्वच्छ दिसत असतो. पण शिकणाऱ्याचा आनंद हिरावून घेणारा मी कोण? अलीकडे ती मला काही विचारत नाही. यालाच स्वावलंबन म्हणतात.

तेव्हा एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला नव्या शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं, याचं मला नवल वाटलं नाही. विषय त्यांनीच दिला होता: 'मुलांना उत्तर सांगू नका.' भाषण बरं झालं तर दर महिन्याला नव्या शिक्षकांचा एक वर्ग माझ्याकडे सोपवायचा विचार आहे, असं त्या जाता जाता बोलून गेल्या. वाचकहो, निवृत्त मास्तराला पुन्हा वर्ग मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? घरी मी भिंतीवरच्या पालीला "जागेवर बस" म्हणायला लागलो होतो. आणि ती बसत होती, हे त्याहून वाईट!

लेकीने तिची नवी गाडी दिली. लेक फोटोग्राफर आहे. गाडी दिली ती सूचनांसकट.

"बाबा, मागच्या सीटवर आणि डिकीत कॅमेऱ्यांच्या पेट्या आहेत. भाड्याने आणलेल्या आहेत, संध्याकाळी परत करायच्यात. गाडी लॉक केल्याशिवाय एक पाऊल हलायचं नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर काळजी नव्हती," ती म्हणाली आणि माझ्याबरोबर आपल्या मुलीला धाडलं.

ही माझी नात, वय वर्षं नऊ. घरात तिला सगळे टिकली म्हणतात. ती सोबत आली याचा मलाही आनंदच झाला. माझ्या पद्धतीचं ते चालतंबोलतं फळ होतं. व्यासपीठावरून नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं.

आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो. शाळेच्या इमारतीला लागून, भिंतीच्या सावलीत, मी गाडी उभी केली. उतरलो, दार लावलं, चावीवरचं बटण दाबलं.

एरवी गाडी 'टक' असा आवाज करते आणि लॉक होते. या वेळी ती 'टुक टुक टुक' असं ओरडली आणि उघडीच राहिली. पुन्हा दाबलं. टुक टुक टुक.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. मी हात चोळले.

"टिकले, बघ! कशी छान अडचण आली आहे!"

"हो आजोबा."

"आता कारण शोधायचं. नियम काय आपला?"

"उत्तर सांगायचं नाही. शोधणाऱ्याला शोधू द्यायचं."

"आणि?"

"नियम मधेच बदलायचा नाही."

"शाबास!"

टिकलीने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि हाताची घडी घातली. चेहरा प्रसन्न होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिली शंका सोपी होती. एखादं दार नीट लागलं नसेल. मी चारही दारं उघडून पुन्हा लावली. मग जोरात लावली. मग डिकी अशी आपटली की छपरावरची कबुतरं उडाली आणि फाटकावरून शाळेचे मामा धावत आले. मामा म्हणजे शिपाई. फाटक मामांचं, पाण्याची टाकी मामांची, शाळेची घंटाही मामांचीच.

"काय झालं सर? गाडीला मारताय कशाला?"

"मारत नाही. तपासतोय."

"आमच्यात याला मारणंच म्हणतात," मामा म्हणाले.

दुसरी शंका: चावीतला सेल उतरला असेल. मी नाण्याने चावी उघडली. सेल टुणकन उडाला, घरंगळला आणि गाडीखाली गेला. मामा मोठ्या मनाचे, तेच पोटावर आडवे झाले.

"सापडला!" खालून आवाज आला. "नाही, बटण आहे. ... अरेच्चा, माझंच आहे."

शेवटी सेल सापडला. तो पुसला, फुंकला, बसवला. टुक टुक टुक.

"आजोबा," टिकली म्हणाली, "गाडी काय म्हणते आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"म्हणणार काय? नुसती ओरडते आहे."

"कशावर ओरडते आहे?"

"माझ्यावर!"

"बरं," टिकली म्हणाली, "छान सुरुवात आहे."

हा सूर मी कुठेतरी ऐकला होता. कुठे ते आठवत होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, पोचलात? गाडी लॉक केली?"

"त्याच कामात आहे."

"त्यात काम काय? आणि हातातली चावी सांभाळा हं! दुसरी सकाळपासून सापडत नाहीये. अख्खं घर पालथं घातलं."

"हे बघ, वस्तू शोधायची एक पद्धत असते. आधी स्वतःला विचारायचं..."

फोन बंद झाला. टिकली दोन पावलं पुढे आली होती. कान टवकारलेले.

"आजोबा, आई आत्ता काय म्हणाली?"

"तुझी आई नेहमीचंच म्हणाली."

"परत एकदा मनात म्हणून बघा ना. सावकाश."

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्थात, गाडीबद्दल नाही.

"टिकले, तुला कारण माहीत आहे?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या टुकपासून."

"मग सांग की बाळा!" मामा शर्टाची धूळ झटकत म्हणाले.

"खबरदार!" मी ओरडलो. "सांगायचं नाही! मी शोधणार!"

डॉक्टरने दिलेली गोळी खिडकीतून फेकणाऱ्या रोग्याकडे बघावं, तसं मामांनी माझ्याकडे बघितलं.

मला तिसरी शंका सुचली होती. बाहेरून होत नसेल, पण आतून? मामांना पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि काचेतून खूण केली. मामांनी आतलं बटण दाबलं.

टक!

चारही दारं लॉक! मी दोन्ही हात वर केले. टिकलीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"सर," मामा काचेच्या फटीतून म्हणाले, "गाडी लॉक झाली. पण मीपण झालो."

मी विचार केला. पेट्यांना धोका नाही. मामांना सावली आहे, वाऱ्यापुरती काच उघडी आहे. भाषण संपेपर्यंतचाच तर प्रश्न!

"मामा, थोडा वेळ बसाल?"

मामांनी सीटवरून हात फिरवला. गाडी नवी, सीट मऊ. त्यांनी कुठला तरी खटका ओढला आणि ते पाठीसकट मागे गेले.

"सावकाश बोला सर," ते म्हणाले. "घाई करू नका."

मी पायऱ्यांकडे वळलो. टिकली जागची हलली नाही.

"आजोबा, हे बरोबर उत्तर आहे?"

"चालण्यासारखं आहे."

"चालण्यासारखं आणि बरोबर यात फरक असतो ना?"

असतो. मीच तिला शिकवलं होतं. मी परत फिरलो आणि दारांच्या फटीत पेन्सिल घालून बघू लागलो.

एव्हाना मैदानात मधली सुट्टी चालू होती. चालू होती ती चालूच राहिली. पोरांचे दोन डाव खेळून झाले, तिसरा मांडला, पाणी पिऊन चौथा मांडला. इतकी मोठी सुट्टी त्यांच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. शेवटी मुख्याध्यापिकाबाई तरातरा खाली आल्या.

"सर! तुम्ही इथे? वर सगळे खोळंबलेत! आणि मामा कुठे आहेत? घंटा का होत नाही?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. मामा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. बाईंनी काचेवर टकटक केलं. मामा दचकून उठले, दार उघडून थेट घंटेकडे पळाले. घंटा वाजली, पोरांनी एकसुरात सुस्कारा सोडला, आणि माझी गाडी पुन्हा उघडी पडली.

"सर, मी आता थोडाच वेळ थांबू शकते," बाई म्हणाल्या. "दुसरे एक सर येऊन बसले आहेत. तुम्हाला जमत नसेल तर भाषण ते करतील. महिन्याच्या वर्गालाही ते तयार आहेत."

"त्यांचा विषय काय?"

"शिस्त."

बाई गेल्या. मी सगळीकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी टिकलीपुढे गुडघ्यांवर बसलो.

"टिकले, सांग उत्तर."

"आजोबा, तुम्ही किती जवळ आला आहात, ठाऊक आहे?" ती मायेने म्हणाली. "आता सांगितलं तर तुमचा आनंद जाईल."

"मला आनंद नको! मला लॉक हवं!"

"सुरुवातीला असं सगळ्यांनाच वाटतं."

वाचकहो, हे वाक्य माझं होतं. किती रडवेल्या पोरांना मी ते ऐकवलं असेल! पण ते समोरून असं लागतं, हे मला कुठल्याही पोराने सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, तर मी "तुला असं का वाटतं?" असं विचारलं असणार.

"मी नियम बदलतो," मी म्हणालो.

"मधेच?"

"मधेच!"

टिकलीने विचार केला. "मग दोघांसाठी बदलायचा."

भाषणात कंटाळा आला तर असावी म्हणून तिने गणिताची वही आणली होती. ती तिने बॉनेटवर उघडली.

"पाच भागाकार आहेत. कालपासून तुम्ही मला विचारताय, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. मला काहीच वाटत नाही आजोबा. सांगा ना उत्तरं."

हाडाच्या शिक्षकाला याहून मोठा मोह नाही आणि याहून मोठं पापही नाही. पण डोळ्यांसमोर शिस्तवाले सर आले. माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीवर.

"विचार," मी म्हणालो.

"सातशे छप्पन भागिले नऊ?"

"चौऱ्याऐंशी."

"नऊशे बारा भागिले आठ?"

"एकशे चौदा. चल, चल!"

"सहाशे चोवीस भागिले आठ?"

"अठ्ठ्याऐंशी. पुढे!"

पाचही झाली. टिकलीने वही मिटली, गाडीत डोकं घातलं, पुढचा खण उघडला आणि चावी बाहेर काढली. लेकीची हरवलेली, दुसरी चावी.

"मघाशी येताना रुमाल ठेवायला खण उघडला, तेव्हा दिसली. आत चावी राहिली असेल तर ही गाडी लॉकच होत नाही. आईची एकदा राहिली होती, तेव्हाही अशीच ओरडली होती."

मी दार लावलं. बटण दाबलं. टक.

आणि टाळ्या वाजल्या.

मी मान वर केली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत, खांद्याला खांदा लावून, नवे शिक्षक उभे होते. शिस्तवाले सर अगदी मधोमध. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, याचा मला कायम अभिमान वाटत आला आहे.

वर गेलो. फळ्यावर रंगीत खडूने, वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: 'मुलांना उत्तर सांगू नका.' मी त्याला पाठ करून उभा राहिलो. टिकली पहिल्या बाकावर. "मित्रहो," मी सुरुवात केली, आणि लगेच एक तरुण बाई हात वर करून उभ्या राहिल्या.

"सर, माफ करा. तो तिसरा भागाकार. अठ्ठ्याऐंशी येत नाही."

मी मनात आठाचा पाढा म्हणू लागलो.

"उत्तर सांगू," त्यांनी आदराने विचारलं, "की तुम्ही स्वतः शोधताय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. टिकलीने खोडरबर हातात घेतला होता.

"सांगा," मी म्हणालो. "पण जरा हळू."

पुढचं भाषण ठीक झालं. निदान हसले तरी सगळे, आणि काही वेळा तर मी विनोद केल्यावर हसले. शेवटी मुख्याध्यापिकाबाई मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "महिन्याच्या वर्गाचं ठरलं, सर. सगळ्यांचं एकमत झालं."

मला भरून आलं. "माझ्या पद्धतीबद्दल?"

"टिकलीबद्दल," बाई म्हणाल्या. "तिला दर महिन्याला पाठवाल ना?"

तर असं आहे. आता दर महिन्याला एक वर्ग असतो आणि मी त्याला न चुकता हजर असतो. टिकलीला अजून गाडी चालवता येत नाही.