रानशेवंतीवरचा दिवा

घड्याळवाल्याने मेहुणीला ठणकावून सांगितलं होतं, "बारीक काट्यांवर हयात गेली माझी. एक झाड फुलवता येणार नाही? बघच तू."

झाड रानशेवंतीचं. बायको होती तेव्हा त्याला इवली पिवळी फुलं लगडायची. ती सावलीत वाळवून लेकीची उशी भरायची. त्या कडवट वासाने लेकीची डोकेदुखी शांत व्हायची. बायको गेली, उशीतल्या फुलांचा भुगा झाला, आणि लेक फोनवर म्हणाली, "बाबा, उशीला आता आईचा वास येत नाही." तेव्हापासून त्याने झाड फुलवायचं मनावर घेतलं.

दुकानात ज्या घड्याळाकडे लक्ष द्यायचं, त्यावर दिवा ओढायचा ही त्याची सवय. गॅलरीतला बल्बही त्याने कुंडीवर ओढला. दिवसा ऊन, रात्री उजेड, म्हणजे फुलं दुप्पट! बटण कधीचंच बिघडलेलं, त्यामुळे बल्ब पिळूनच लावायचा आणि पिळूनच विझवायचा. गावाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला घरच्या बटणासाठी मुहूर्त सापडला नव्हता.

तिन्हीसांजेला तो बल्ब घट्ट करी. चहा पिऊन जरा वेळाने बघावं तर अंधार. बल्ब ढिला, कठड्यावर तापलेला बल्ब धरायचं बायकोचं फडकं. रोज. दाराला आतून कडी, घरात दुसरं माणूस नाही. "गॅलरीतला दिवा काढा हो, झाडालाही झोप लागते," असं रोज म्हणणारी एकच होती, आणि तिला त्यानेच पोचवलं होतं.

मग कळ्या धरल्या. गॅलरी पिवळी झाली, घरभर तो कडवट वास भरला. फुलं तोडायला मात्र त्याचा हात धजेना.

शेवटी एका संध्याकाळी गॅसवर चहा ठेवून त्याने समोरच्या गॅलरीतल्या मेहुणीला विचारलं, "खरं सांग, तुझी ताई दिसते का तुला इथं?"

मेहुणी दोरीवरचे कपडे काढत होती. "ताई कुठली? तुम्हीच दिसता. चहाचा कप ठेवता, फडकं घेता, बल्ब काढता. बरंच झालं. ते झाड अंधाराशिवाय फुलतच नाही. ताईनं इतकी वर्षं तेच करून घेतलं तुमच्याकडून."

त्याने फडकं उलगडलं. त्यावर घड्याळाच्या तेलाचे डाग होते, त्याच्याच बोटांचे. तो ओशाळून हसला.

"पण भाऊजी, त्याआधी रोज आत वळून 'हो गं, काढतो' म्हणता, ते कुणाला?"

टोपली घेऊन तो आत वळला आणि हळूच म्हणाला, "तोडू का गं?"

आतून लांब सुस्कारा आला. मेहुणीच्या हातातले कपडे गळाले.

गॅसवरचा चहा उतू गेला होता. त्याने तोच होकार धरला आणि पहिलं फूल तोडलं.