पाठीसाठी फळी

यंत्रांशी माझं जन्मजात जमतं. हे मीच सांगतो, कारण घरात दुसरं कोणी सांगणार नाही. मिक्सर मी खोलला, टेबलफॅन मी खोलला. ते परत जोडायला बाहेरची माणसं आली, ही गोष्ट वेगळी!

म्हणून बायकोच्या रोपवाटिकेसाठी जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड माझी. लाल, गुटगुटीत, पायाखाली पेडल. दाबलं की चालला, सोडलं की थांबला. फक्त सीट फार मऊ, आणि माझ्या पाठीला मऊ चालत नाही. पहिल्याच दिवशी मी एक जाड फळी कापली, रंधा मारला आणि सीटच्या दोन उंच कडांवर पाटासारखी टेकवली.

"बघ, कंपनीला सुचलं नाही ते!"

"कंपनीला बरंच काही सुचत नाही," बायको म्हणाली. "म्हणून तर तुम्ही आहात."

मी ऐटीत फळीवर बसलो. किल्ली फिरवली. इंजिन कसं छान गुरगुरलं! पेडल दाबलं.

ठप्प!

पुन्हा किल्ली, पुन्हा गुरगुर. पुन्हा पेडल, पुन्हा ठप्प! जागेवर तासभर चालेल, पण हलायचं म्हटलं की मान टाकणार. अगदी आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखं.

"डिझेलमध्ये कचरा आहे," मी जाहीर केलं. फिल्टर बदलला. टाकी रिकामी केली. पाइपातली हवा काढायला गेलो, तर डिझेलची चिळकांडी थेट गुलाबाच्या कलमांवर. कलमं दुसऱ्या दिवशी माना टाकून बसली. ट्रॅक्टरची संगत, दुसरं काय!

बायकोने कलमांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रविवारी शाळेची रोपं पोचवायची आहेत. तोवर हा चालला नाही, तर भावजी घेऊन जातील. त्यांनी विचारलंय."

भावजी म्हणजे माझे साडू. या माणसाला दुसऱ्याची वस्तू बिघडली की भूक जास्त लागते. माझा ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात उभा राहणार आणि प्रत्येक जेवणात त्याची कहाणी वाढली जाणार! माझी झोप उडाली.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने फळी उचलून बाजूला ठेवली, सीटवर बसला आणि विहिरीपर्यंत भुर्रकन जाऊन आला.

"साहेब, गाडी ठणठणीत आहे."

मी फळी जागेवर ठेवली. बसलो. पेडल. ठप्प!

तो बुचकळ्यात पडला. फळी काढून पुन्हा फेरी मारली. मजेत! फळी ठेवून पुन्हा मी. ठप्प!

"तुम्ही पेडल घाबरत दाबता," तो म्हणाला. "यंत्राला कळतं."

मग मी न घाबरता दाबून बघितलं, रागाने दाबून बघितलं, प्रेमानेही दाबून बघितलं. ट्रॅक्टरला तिन्हींचा सारखाच तिटकारा.

रविवारी साडू सकाळीच हजर! फळी दोन बोटांनी उचलून मातीत टाकली, सीटवर ऐसपैस पसरले आणि माझ्या नाकासमोरून फाटकापर्यंत गेले. वर हातही हलवला.

"चालतोय की हो!"

मला खरंच रडू येत होतं. "थांबा," मी म्हणालो. "निरोपाची एक फेरी मारू द्या."

मी मातीतली फळी उचलली, पुसली, कडांवर टेकवली आणि बसलो. पेडल. ठप्प!

साडू पोट धरून हसले. बायको मात्र हसली नाही. ती फळीकडे बघत होती.

"अहो, उठा जरा."

उठलो. तिने फळी काढली.

"आता बसा."

बसलो. पेडल दाबलं. ट्रॅक्टर चक्क चालायला लागला! मी आनंदाने ओरडलो आणि पाण्याच्या पिंपाला धडकलो.

साडूंनी सीट उचलून दाखवली. खाली छोटासा स्विच. "ही सुरक्षेची सोय. माणूस बसला की वजनाने सीट दबते. सीटवर कोणी नसताना गाडी चालवायला गेलं, की इंजिन बंद. तुमची फळी कडांवर. सीट दबणार कुठून?"

"म्हणजे इतके दिवस," बायको म्हणाली, "ट्रॅक्टरला वाटत होतं की वर कोणीच बसलेलं नाही?"

"अगदी बरोबर."

"त्याला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली."

साडू रिकाम्या हाताने परत गेले, एवढाच आनंद. ट्रॅक्टर आमच्याकडेच राहिला. शाळेची रोपं वेळेत पोचली. चालवायला अर्थात बायको, कारण पिंपाची शिक्षा अजून चालू आहे.

मी मागे ट्रॉलीत रोपं धरून बसतो, माझ्या फळीवर. पाठीला फार आराम आहे. शिवाय ट्रॉलीला स्विच नाही, त्यामुळे मी बसलो काय, न बसलो काय, काहीच बंद पडत नाही.