खड्डे सरळ रेषेत हवेत

बायको बाराच्या गाडीने येणार होती आणि फिटरच्या बोटातली अंगठी काल संध्याकाळपासून बेपत्ता होती. पहिली अंगठी विहिरीत गेली, तेव्हा बायकोने स्वतःच्या बोनसमधून ही दुसरी करून दिली होती. देताना एवढंच म्हणाली होती, "ही हरवलीत तर तोंड दाखवू नका." काल तो सासऱ्यांच्या शेतात कुंपणाची तार ओढायला गेला होता, परतताना बोट मोकळं. म्हणजे अंगठी शेतातच. त्याला तिळमात्र शंका नव्हती.

दुकान उघडताच त्याने धातू शोधायचं यंत्र विकत आणलं. "टाचणीसुद्धा सुटत नाही, साहेब," दुकानदार म्हणाला. कारखान्याचे जाडजूड बूट फिटर सुट्टीच्या दिवशीही सोडत नसे. ते चढवून तो दहाला शेतात हजर झाला.

यंत्र सुरू केलं न केलं तोच किंचाळलं. फिटरच्या जिवात जीव आला. त्याने गुडघाभर खणलं. निव्वळ माती. एक पाऊल पुढे, पुन्हा किंकाळी, पुन्हा माती. चार खड्डे झाले, घड्याळ पुढे सरकत होतं, आणि यंत्राला उसंत म्हणून नव्हती.

"जावईबापू, हे काय आरंभलंय?" सासरे बांधावर उभे होते.

"फळझाडांना खड्डे घेतोय, बाबा. तुम्ही म्हणत होता ना?"

"आणि हे बोंबलतंय काय?"

"हे... जमिनीचा कस बघतं. ओरडलं की तिथं झाड जोमात येतं."

"मग आमचं अख्खं शेतच कसदार म्हणायचं!" सासरे खूश झाले आणि दोरी घेऊन आले. "पण खड्डे सरळ रेषेत हवेत हां. आणि लंगडताय का?"

"बुटात खडा गेलाय, कालपासून टोचतोय."

"मग काढा की!"

"वेळ कुठंय, बाबा!"

दोरीवरही यंत्र इमानेइतबारे ओरडत राहिलं. पंधराव्या खड्ड्याला फिटरचे हात सोलले. अठराव्याला बायको खांद्यावर बॅग घेऊन थेट शेतात आली. फिटरने हात खिशात घातला.

"हात बाहेर काढा," ती म्हणाली.

सगळं ऐकून घेतल्यावर तिने यंत्र हातात घेतलं आणि दहा पावलं चालून आली. यंत्र गप्प. फिटरजवळ येताच ते केकाटलं.

"अहो, तुमच्या बुटांच्या टोकांत पोलाद असतं ना?"

फिटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज लोखंडात वावरणाऱ्या माणसाला आपल्या पायातलं लोखंड आठवू नये!

"काढा ते बूट. आणि तो खडाही काढा, किती लंगडाल?" तिने उजवा बूट उपडा करून झटकला. अंगठी टपकन मातीत पडली. काल पाय धुऊन त्याने टाचेत बोट घालून घाईघाईने बूट ओढला होता, तेव्हाच ती निसटली होती. बायकोने ती उचलली, पुसली आणि सरळ आपल्या अंगठ्यात घातली.

"बाबा, माफ करा," फिटर पुटपुटला. "कसबिस काही नाही. हे माझ्या बुटांना ओरडत होतं."

"ते मला दोरी लावल्यावर दुसऱ्याच खड्ड्याला कळलं," सासरे दोरी ताणत म्हणाले. "तुमचा पाय पुढे पडला की ओरडायचं. पण मला खड्डे हवेच होते. घाला बूट, दोनच राहिलेत."