ओस्मुंडच्या सरपणाचे जतन

स्टोरबेक गावात माणसाची पारख त्याच्या सरपणावरून होते. नॉर्वेच्या इतर खोऱ्यांत ती आणखी कशावरून होत असेल, त्याच्याशी गावाला कर्तव्य नाही. दक्षिणेकडच्या भिंतीशी रचलेली लाकडांची थप्पी ओळंब्यात असेल तर माणूस सचोटीचा. तिचे पोट सुटले असेल तर माणूस पितो. आणि थप्पी कोसळलेली असेल, तर त्या घरात नवरा-बायको बोलतात, पण शेजाऱ्यांमार्फत. नवा पाद्री आला तेव्हा गावाने त्याचे प्रवचन ऐकण्याआधी त्याचे मागचे अंगण पाहिले. प्रवचनाला निम्मेच लोक गेले.

अशा गावात ओस्मुंड हाउगेनची थप्पी पहिल्या प्रतीची समजली जाई. सगळी भूर्जाची लाकडे, झाडात रस चढण्याआधी तोडलेली आणि उन्हा-वाऱ्यात अशी वाळलेली की एकमेकांवर आपटली तर टणटण वाजावीत. फोडी एका जाडीच्या, टोके एका रेषेत. लाकडाची साल वर ठेवायची की खाली, ह्यावरून गावात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात सोयरिक सहसा होत नाही. ओस्मुंड साल-वर पंथाचा. त्याचा शेजारी टोरगेर मात्र कुठल्याच पंथाचा नव्हता. तो लाकडे फोडी आणि जिथे पडतील तिथे पडू देई. त्याच्या अंगणात नुसता ढीग होता. विरुद्ध पंथाच्या माणसाला निदान काही श्रद्धा तरी असते, असे म्हणून दोन्ही पंथ टोरगेरला टाळत.

पाने गळू लागली तेव्हा पालिकेच्या वारसा विभागातून फ्रॉयडिस नावाची तरुण अधिकारी गावात आली. ओस्मुंडच्या थप्पीसमोर ती थबकली.

"ही कुणी रचली?"

"मी," ओस्मुंड म्हणाला आणि त्याने टोपी काढली. बाईंसाठी की थप्पीसाठी, ते कळले नाही.

"ही जिवंत परंपरा आहे."

"सरपण आहे, पोरी."

"तुमच्या दृष्टीनं. म्हणूनच आमच्यासारख्यांची गरज पडते."

आठवड्याभरात थप्पीवर पितळी पाटी लागली आणि पुढून जाड दोरी ओढली गेली. पालिकेच्या अध्यक्षांनी भाषण केले. वाफल आणि तपकिरी चीज वाटण्यात आले. ओस्मुंड त्या दिवशी इतका ताठ चालत होता की दारातून आत येताना वाकायचे विसरला.

त्याची बायको गुनवोर हिने पाटी वाचली, दोरी पाहिली आणि विचारले, "छान आहे. पण हिवाळ्यात मी दोरी ओलांडायची की खालून जायचं?"

"गुनवोर, अख्ख्या खोऱ्यात अशी एकच पाटी आहे."

"आणि अख्ख्या खोऱ्यात तुला बायकोही एकच आहे. तिच्यापुढेही एखादी दोरी ओढून घे, म्हणजे जपशील."

गुनवोरचे गुडघे थंडीत बोलू लागत आणि मग तीही बोलू लागे. शेगडी धगधगत असली की गुडघेही गप्प आणि तीही. ओस्मुंडच्या संसाराचे सौख्य म्हणजे ती लोखंडी शेगडी होती. विजेचा हीटर त्याने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. हीटर आणणे म्हणजे आपले सरपण संपले अशी दवंडी पिटण्यासारखे होते.

पहिले हिव पडले त्या सकाळी तो टोपली घेऊन दोरीपाशी गेला. फ्रॉयडिस पाहणीसाठी तिथे आलेलीच होती.

"हे काय करताय?"

"शेगडी पेटवायचीय."

"वारशानं?"

"लाकडानं."

"होतं लाकूड. आता ते सांस्कृतिक आहे." ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "वापराला आमची काहीच हरकत नाही. परंपरा जिवंत राहायची तर वापर झालाच पाहिजे. फक्त एक फोड काढली की तिच्या जागी तशीच फोड बसवायची. तीच जाडी, तोच करडेपणा, तसंच वाळलेलं."

"तसं वाळायला दोन उन्हाळे जातात!"

"मग घाई कसली? दोन उन्हाळ्यांनी काढा."

ओस्मुंडला हे पटले नाही. पण वाद घातला तर पाटी जाईल, हेही त्याला कळत होते. तो रिकामी टोपली घेऊन घरात गेला आणि गुनवोरला म्हणाला की यंदाची थंडी तशी मवाळ आहे. तो बोलत असताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

लवकरच पर्यटकांच्या बसेस येऊ लागल्या. पर्यटकांची तक्रार अशी की थप्पी सुंदर आहे, पण धुराड्यातून धूर येत नाही, त्यामुळे फोटोत जीव वाटत नाही. विभागाने तातडीने दखल घेतली. धुराड्यात धूर सोडणारे यंत्र बसवले आणि शेगडीच्या पोटात तांबड्या ज्वाळा नाचवणारा दिवा.

"आणि ऊब?" गुनवोरने विचारले.

"ती फोटोत येत नाही," फ्रॉयडिस म्हणाली.

गुनवोरने लोकरीचे विणकाम पिशवीत भरले. ओस्मुंड दारात आडवा आला. "कुठे निघालीस?"

"टोरगेरकडे."

"त्या ढिगाकडे? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हाउगेनबाईंचं नाक आता लाल नाही. सरक."

ती गेली. ओस्मुंड ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे घालून दिव्याच्या ज्वाळांसमोर बसला. खिडकीतून एका पर्यटकाने त्याचा फोटो काढला. ओस्मुंडने हातमोजा हलवून प्रतिसाद दिला. आपण किती सुखी दिसत असू, ह्या विचाराने त्याला क्षणभर खरोखरच बरे वाटले.

आता गावाला ही पाटी सलू लागली. ओस्मुंडला आहे आणि आपल्याला नाही म्हणजे काय? टोरगेर सोडून प्रत्येक जण विभागाकडे गेला. फ्रॉयडिसने कुणालाही विन्मुख पाठवले नाही. साल-खाली पंथाला "समांतर परंपरा" म्हणून पाट्या मिळाल्या. पोट सुटलेल्या थप्प्या "लोकशैली" ठरल्या. नाताळाच्या आधी टोरगेरचा ढीग सोडून गावातली यच्चयावत लाकडे संरक्षित झाली, बाकीच्या सगळ्या धुराड्यांतून यंत्राचा धूर निघू लागला आणि झाडून सारे गाव टोरगेरच्या घरात जाऊन बसले. ओस्मुंडही गेला. बायकोला न्यायला आलो आहे, असे तो रोज सांगे आणि रोज कॉफीचा दुसरा कप घेई.

टोरगेरच्या शेगडीभोवती दोन्ही पंथ पहिल्यांदाच एका बाकावर बसले. विषय टोरगेरच्या ढिगाचा.

"लाज नाही ह्याला," कुणी तरी पाय शेकत म्हणाले.

"बाप असा नव्हता ह्याचा."

"टोरगेर, अजून एक ओंडका टाक रे. इतकं गबाळं सरपण जन्मात पाहिलं नाही."

टोरगेर ओंडका टाकी.

एका संध्याकाळी फ्रॉयडिसही आली. विभागाच्या कार्यालयामागचे सरपण विभागाने सर्वांत आधी संरक्षित केले होते, त्यामुळे तिथे शाई गोठली होती. तिने बोटे शेकली, कॉफी घेतली आणि खिडकीतून बाहेर पाहिले. तिचा कप हातातच राहिला.

"अशी थप्पी गावात दुसरी नाही."

"ती थप्पीच नाही," टोरगेर म्हणाला.

"तेच तर! गावातला शेवटचा विस्कळीत ढीग!"

"अगं, रोज त्यातलं काढतो मी. रोज वेगळा दिसतो तो."

"आता नाही दिसणार," फ्रॉयडिस भारावून म्हणाली आणि गाडीतून दोरी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोरगेरची शेगडी विझली. घरात गाव होते, ओव्हरकोट होते आणि खिडकीबाहेर दोन बाजूंना, ढिगावर आणि ओस्मुंडच्या थप्पीवर, दोन पाट्या चकाकत होत्या. गुनवोर उठली.

"ओस्मुंड, मी ट्रॉन्डहाइमला बहिणीकडे चालले. तिची पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा आहे. ती जागा पाहायला कुणी येत नाही."

"परत कधी येशील?"

"तुझी परंपरा जिवंत राहिली ना, की मला कळव. मी असले तर येईन."

तिने पिशवी उचलली. शहराची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती. ओस्मुंडने बायकोकडे पाहिले, मग खिडकीतून पाटीकडे. गावाची खात्री होती की तो पाटीकडे परत एकदा पाहील. त्याने पाहिलेही. मग तो बाहेर गेला, दोरीवरून पाय टाकला आणि वरच्या ओळीतून कवळाभर फोडी काढल्या. स्वतःच्या शेगडीत दिवा बसवलेला असल्यामुळे त्या त्याने टोरगेरच्या शेगडीत टाकल्या. काडी लावली.

भूर्जाची साल तडतडली. दोन उन्हाळ्यांचे ऊन त्या खोलीत एकदम उतरले. गुनवोरने पिशवी खाली ठेवली. बस आली आणि गेली.

गाव मात्र हादरले. इतकी वर्षे नाकासमोर चालणारा माणूस, आणि सगळ्यांदेखत वारसा जाळतो! निषेध नीट नोंदवता यावा म्हणून सगळे जवळ सरकले.

"ह्या कृत्याचा निषेध करणाऱ्यांनी हात वर करावेत," फ्रॉयडिस कापऱ्या आवाजात म्हणाली.

सगळ्यांनी हात वर केले. दोन्ही हात, तळवे शेगडीकडे. ठराव एकमताने मंजूर झाला आणि हात खाली घ्यायची घाई कुणी केली नाही. फ्रॉयडिसने सर्वांत शेवटी घेतले.

काही वेळाने आच मंदावली. आता पुढची फोड कुणाच्या थप्पीतली, असा प्रश्न निघाला. साल-वर पंथाने साल-खालीवाल्यांकडे बोट दाखवले, साल-खालीवाल्यांनी साल-वरवाल्यांकडे. ओस्मुंड पुन्हा बाहेर गेला. त्याच्या निषेधाचा ठराव आता रोज होतो आणि उपस्थिती फार चांगली असते.

हे वाचून तुम्ही हसलात, ते योग्यच झाले. हसताना जरा सरकून बसलात, तेव्हा सोफ्यावरचे प्लास्टिक करकरले. दुकानातून आला तसाच आहे ना अजून? स्टोरबेकमध्ये तुमच्याविषयी फार आदराने बोलतात.